अर्धवट पटकथा, पतसंस्थेतली नोकरी आणि उमेद: लिहिणाऱ्यांना एक प्रश्न

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. वय चौतीस, मुलगी पहिलीत. कॉलेजात एकांकिका लिहायचो, लेखनाची बक्षिसंही मिळाली होती. तेव्हापासून डोक्यात सिनेमाच आहे.

एक पटकथा लिहायला घेतली आहे. महेश नावाचा वसुली अधिकारी आहे, त्याला स्वतःच्याच शाळेतल्या निवृत्त गुरुजींचा ट्रॅक्टर ओढून आणायचा आहे. कर्ज गुरुजींच्या नावावर, ट्रॅक्टर मुलासाठी घेतलेला, आणि मुलगा सगळं टाकून पुण्याला गेलेला. मध्यंतरापर्यंत झालंय, सत्तेचाळीस पानं. पुढे काही हलत नाही. रात्री लिहायला बसलो की पहिल्या पानापासून वाचत येतो, चार स्वल्पविराम इकडचे तिकडे करतो आणि झोपतो.

पटकथा कशी लिहावी याचे यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ बघून झालेत. तीन अंकी रचना, नायकाचा प्रवास, कितव्या पानावर काय घडलं पाहिजे, सगळं पाठ आहे. बघताना अंगात वारं शिरतं, दुसऱ्या दिवशी संस्थेचं शटर वर करेपर्यंत उतरतं. पहाटे पाचला उठायचाही प्रयोग केला. बायको म्हणाली, उठलाच आहात तर पाणी भरून ठेवा.

तर विचारायचं असं की तुम्ही उमेद कशी टिकवता? नोकरी सोडून वर्षभर मुंबईत येऊन राहावं का? दुसरं म्हणजे, ही पटकथा मी अजून कुणालाच दाखवलेली नाही, कारण विषय चांगला आहे आणि कुणी उचलला तर माझ्यासारख्याने कुठे दाद मागायची?

अनुभवी लोकांनी लिहावं. टिंगल केली तरी चालेल, वसुलीत असल्याने सवय आहे.

तिरकस

या की मुंबईला! आमच्या चाळीत खोली रिकामी आहे. डिपॉझिट ऐकलंत तर तुमच्याच पतसंस्थेत कर्ज काढावं लागेल, आणि मग वसुलीला तुम्हालाच यावं लागेल. बघा, दुसरी पटकथा तयार.

कोरडा_पाऊस

रोज एक पान लिहा. तीनशे पासष्ट दिवसांत तीन सिनेमे. शिस्त महत्त्वाची. शुभेच्छा.

ठाणेकरीण

पाटीपेन्सिल, मी मालिकांचे संवाद लिहिते. नाव सांगत नाही. संध्याकाळी तुमच्या घरी जे लागतं त्यातलंच काहीतरी धरून चाला.

वरच्या 'रोज एक पान' सल्ल्याबद्दल आधी बोलते. सल्ला वाईट नाही, पण तुम्हाला लागू पडणार नाही. तुम्ही रोज बसताच आहात. बसून स्वल्पविराम हलवताय, कारण ते पान उद्या कुणालाच नको आहे.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं भरायची असतात, आठवड्याला सहा भाग. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. दुपारी पटकथा येते, रात्री संवाद जातात, सकाळी घोडबंदर रोडच्या सेटवर नटमंडळी मेकअपच्या खुर्चीत बसून मोबाइलवर ते वाचत असतात. बँक असेल, म्हणजे पुढचे भाग चित्रित होऊन शिल्लक असतील, तर श्वास घेता येतो. नसेल तर काल लिहिलेलं आज चित्रित होऊन परवा दिसतं. गुरुवारी टीआरपी येतो, आकडा पडला की आठवडाभर घोटून लिहिलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, शुक्रवारी केराच्या टोपलीत. या सगळ्यात आज लिहायची उमेद आहे का, असं मला कुणी विचारत नाही. तिथे साठ-सत्तर माणसं उभी असतात आणि त्यांना पान हवं असतं. मग ते लिहून होतं. कधी बरं होतं, बऱ्याचदा नुसतं होतं.

मालिका लिहा असं मी सांगत नाहीये. लिहू नका, मान धरते. पण तुमच्या सत्तेचाळीस पानांची जगात एकही माणूस वाट बघत नाही, आणि दुखणं तिथे आहे. कविता कपाटात राहू शकते. पटकथा म्हणजे दुसऱ्यांनी करायच्या कामाचा कागद. कॅमेरावाला, कलादिग्दर्शक, प्रॉडक्शनचा माणूस, नट हे सगळे त्यातून आपापलं काम उचलतात. तो कागद कुणाच्या हातातच गेला नाही तर लिहिणाऱ्यालाही हळूहळू तो खोटा वाटायला लागतो. व्हिडिओ बघून जे वारं शिरतं ते दुसऱ्याच्या सिनेमाचं असतं, म्हणून उतरतं.

म्हणून आधी वाट बघणारी माणसं शोधा. आणि तुम्ही आहात सांगलीला! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' जिथे उभं केलं त्या गावाच्या जिल्ह्यात बसून तुम्ही विचारताय की मुंबईला येऊ का. राज्य नाट्य स्पर्धेचं हौशी केंद्र तुमच्याकडे आहे. नाटकाची तालीम करणारे दोन तरी गट असतील, कॉलेजची पोरं असतील. त्यातल्या चौघांना एका रविवारी बोलवा, पात्रं वाटून द्या आणि तुमची पानं मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही वाचू नका. तुम्ही वाचलंत तर लंगड्या वाक्यालाही आवाजाने उभं कराल. दुसरा जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करा. आणि उठायच्या आत पुढच्या वाचनाची तारीख ठरवा, भले पानं तयार नसोत.

तारखेत ताकद असते हो. २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी कुणालाच करंडक दिला नाही, त्या तोडीचं काम दिसलं नाही म्हणून. केवढा वाद झाला. पोरांच्या जागी मी असते तर घरी जाऊन रडले असते. पण स्पर्धा पुढच्या वर्षी होतीच, आणि पोरं पुन्हा भरत नाट्य मंदिरात होतीच. त्यांना उमेदीवर व्याख्यान द्यायला कुणी गेलं नव्हतं, तारीख लागली होती.

आता चोरीचं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या पद्धतीने मांडलीत त्या मांडणीवर असतो. आर. जी. आनंद नावाचे नाटककार 'हम हिंदुस्तानी' हे आपलं नाटक 'न्यू दिल्ली' या सिनेमात (१९५६) उचललं म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ मध्ये हरले. कल्पना सारखी असली तरी मांडणी वेगळी आहे, असं न्यायालय म्हणालं. 'वसुली अधिकारी आणि त्याचे गुरुजी' एवढं कुणाच्या कानावर गेलं तर ते तुमचं राहिलं नाही, पण एवढं म्हणजे पटकथा नव्हेच. सत्तेचाळीस पानं तुमची आहेत, लिहिली त्या क्षणापासून. पुराव्यासाठी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या, संहितेची नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, तारखेसकट. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा लेखकाला करारात लिहून देऊन टाकता येत नाही, हेही डोक्यात ठेवा. पुढे कुणी करार पुढ्यात ठेवला तर उपयोगी पडेल. पण आज तुमची पटकथा चोरीला जाण्यापेक्षा ती कुणी वाचलीच नाही हा धोका मोठा आहे.

नोकरी सोडू नका. आमच्याकडे भाग प्रसारित झाल्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे द्यायची पद्धत आहे, वर दहा टक्के टीडीएस कापून. मधे मालिका बंद पडली की संपलं. एका निर्मात्याने माझे शेवटच्या महिन्याचे पैसे अजून दिलेले नाहीत, फोन मात्र प्रेमाने उचलतो. मी सुरुवातीला बरीच वर्षं दहावीच्या क्लासमध्ये मराठी शिकवून भाडं भरत होते. नाटककार विजय तेंडुलकर वर्तमानपत्रांतून नोकऱ्या करत होते, अरुण साधू पत्रकार, जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्यात. नोकरीमुळे त्यांचं लेखन अडलं असं दिसत नाही. साधूंच्या बाबतीत तर नोकरीनेच त्यांना मंत्रालयाच्या मजल्यांवर फिरवलं, आणि 'मुंबई दिनांक' नि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या तिथून आल्या. त्या दोन्ही मिळून तेंडुलकरांनी एक पटकथा केली आणि १९७९ मध्ये जब्बार पटेलांचा 'सिंहासन' सिनेमा आला.

अभ्यास करायचाच असेल तर व्हिडिओ बंद करा आणि एवढं करा. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा मिळवा. तेंडुलकरांनी त्यावरून 'अर्धसत्य'ची (१९८३) पटकथा लिहिली. सिनेमा आधी बघितला असेल तरी विसरा. कथा वाचून स्वतः प्रसंगांची यादी करा, एका प्रसंगाला एक ओळ. मग सिनेमा बघत तशीच दुसरी यादी करा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर तुम्ही काय वगळलंत नि तेंडुलकरांनी काय वाढवलं ते बघा. संवाद लिहिणाऱ्याचं नाव वेगळं आहे, वसंत देव, तेही नजरेत ठेवा. पटकथा म्हणजे संवाद नव्हेत हे त्या दोन कागदांवरून जेवढं कळतं तेवढं मला कुठल्या कार्यशाळेत कळलं नाही. मी 'सिंहासन'वरही हे करून बघितलं होतं. दोन जाडजूड कादंबऱ्या, माझी यादी कुठच्या कुठे गेली आणि मी कादंबऱ्याच वाचत बसले.

आणि एक विचारते. गुरुजींच्या कर्जाला जामीनदार कोण आहे?

मध्यंतर

ठाणेकरीण यांच्याशी सहमत, मालिकांबद्दलच्या मतासकट.

मी सिनेमांचा संकलक आहे. तुमच्या पानांच्या आकड्याबद्दल एक शंका. सत्तेचाळीस पानं म्हणजे मध्यंतर, हे तुम्ही एक पान म्हणजे एक मिनिट या हिशेबाने धरलंय का? तो हिशेब इंग्रजी कुरिअर टाइपातल्या, बारा पॉइंटच्या ठरावीक समासांच्या पानाचा आहे. देवनागरीत वर्डमध्ये लिहिलेल्या पानाला तो लागू होत नाही. घड्याळ लावून, शांतता आणि हालचाली धरून वाचून बघा. सत्तेचाळीस पानांचा सव्वा तासाचा ऐवज निघाला तर तुमचं 'मध्यंतर' पुष्कळ उशिरा येतंय आणि तुम्ही अडलाय ते दमल्यामुळे.

जमलं तर एखादा प्रसंग इथे टाका. शक्यतो महेश गुरुजींच्या घरी पहिल्यांदा जातो तो.

पाटीपेन्सिल

एवढे मोठे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, आभार. तिरकसराव, डिपॉझिटचा आकडा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका.

मोठ्याने वाचून बघितलं. बायको गुरुजी झाली होती. मध्यंतरापर्यंतचा भाग तिप्पट लांब आहे असं तिचं मत पडलं, घड्याळाने थोडं कमी सांगितलं.

मध्यंतर यांनी मागितलेला प्रसंग, थोडा कापून:

*प्रसंग १२. गुरुजींचं घर. अंगण. दिवस.*
*(महेश मोटरसायकलवरून उतरतो. गुरुजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचताहेत.)*
*गुरुजी: ये रे महेश. किती दिवसांनी आलास!*
*महेश: नमस्कार गुरुजी. तब्येत कशी आहे?*
*गुरुजी: वयोमानाप्रमाणे चालायचंच. बस. चहा घेशील ना?*
*महेश: नको गुरुजी, जरा कामासाठी आलो होतो.*
*गुरुजी: काम काय रे, असतंच. माणसाने माणुसकी जपली पाहिजे. शाळेत तुम्हाला मी हेच शिकवलं. आज बघावं तिकडे पैसा, पैसा आणि पैसा…*

इथून गुरुजी दीड पान बोलतात. ते भाषण मला आवडतं, पण बायको वाचताना मध्येच भाजी बघायला उठून गेली.

जामीनदाराचा मी विचारच केला नव्हता. प्रत्यक्षात दोन असतातच. पण ती सगळी कागदोपत्री भानगड आहे, प्रेक्षकाला काय त्याचं, म्हणून घेतली नाही.

मध्यंतर

बायकोला श्रेयनामावलीत घ्या, उठायची जागा तिने बरोबर पकडली.

हा प्रसंग माझ्या टेबलावर आला तर काय होईल ते सांगतो. मोटरसायकल येते, थांबते, माणूस उतरतो: कापलं. ये-बस-चहा: कापलं, मराठी सिनेमात एवढा चहा कापला गेलाय की विचारू नका. तब्येत: कापलं. माणुसकी: दिग्दर्शक भांडेल, म्हणून अर्धं ठेवीन आणि पहिल्या खेळानंतर तेही काढीन. उरतं काय? नोटीस. ती तर प्रसंगात दिसतच नाही. 'कामासाठी आलो होतो' एवढ्यावर महेशने ती गिळली.

अजून एक, हे जरा निर्मात्याच्या बाजूने. छोट्या मराठी सिनेमाचं चित्रीकरण वीस-पंचवीस दिवसांत उरकायचं असतं. तुमच्या त्या दीड पानांच्या भाषणाला निम्मा दिवस जाईल. निम्म्या दिवसात तुम्ही ट्रॅक्टर ओढून नेतानाचा अख्खा प्रसंग मिळवू शकता. लिहिताना असे पैसे मोजा असं नाही म्हणत, पण महेशच्या गावाबाहेरची किती ठिकाणं लागताहेत ते एकदा बोटांवर मोजाच.

सहकार_खाते

सिनेमातलं मला काही कळत नाही. सहकार खात्यातून निवृत्त झालो, म्हणून जामीनदाराबद्दल लिहितो.

'कागदोपत्री भानगड' म्हणालात ते वाचून हसू आलं. कर्ज थकलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे वसुलीच्या दाखल्यासाठी अर्ज करते. त्यात जाबदेणार म्हणून कर्जदार एकटा नसतो, जामीनदारही असतात. दाखला मिळाला की कलम १५६ खाली वसुली, जप्ती वगैरे. रक्कम कर्जदाराकडून वसूल करायची की जामीनदाराकडून हे संस्थेच्या सोयीवर असतं. माझ्या पाहण्यात बऱ्याचदा पगारदार जामीनदार आधी सापडतो, कारण त्याचा पगार कुठून येतो ते माहीत असतं. जामीनदार बिचारा लग्नात, मयतीत, पारावर सही करून मोकळा झालेला असतो. किती घरं बोलेनाशी झालेली बघितली आहेत.

आणि जामीनदार सभासद लागतो. म्हणजे गावातलाच, तुमच्या महेशच्या ओळखीचा. या माणसांना तुम्ही सिनेमातून बाहेर का ठेवलंत ते समजलं नाही.

ठाणेकरीण

सहकार_खाते, तुम्ही सिनेमातलं काही कळत नाही म्हणालात आणि मध्यंतरानंतरचा अख्खा सिनेमा लिहून दिलात.

पाटीपेन्सिल, तुम्ही का अडलात ते आता सांगते, पटलं तर घ्या. तुमच्या गोष्टीत महेशला काही ठरवायचंच नाही. ट्रॅक्टर आणायचा आहे, त्याला वाईट वाटतंय, गुरुजी चांगले आहेत, त्याला आणखी वाईट वाटतंय. वाईट वाटणं दोन तास चालत नाही. म्हणून पहिल्या अर्ध्यात गुरुजींना भाषणं द्यावी लागली आणि दुसऱ्या अर्ध्यात द्यायला भाषणंही उरली नाहीत. महेशपुढे दोन दारं हवीत आणि दोन्हींच्या मागे नुकसान हवं.

जामीनदार गावातला, सभासद आणि महेशच्या ओळखीचा. मग महेशचे वडीलच का नकोत?

बघा ना, ट्रॅक्टर ओढला तर गुरुजी गेले. नाही ओढला तर दाखल्यावर वडिलांचं नाव आहेच. आणि वडिलांनी सही केली ती गुरुजींच्या उपकारापोटी, कदाचित महेशच्याच फीच्या वेळचे उपकार. हे मी आपलं बसल्या बसल्या सुचवतेय, तुमच्याकडे खरं याहून चांगलं असेल. तुम्ही रोज त्या कागदांवर सह्या बघता. कुणाची सही थरथरलेली आहे, कुणाचा अंगठा आहे, कुणी सही करताना कर्जाची रक्कम भरलेलीच नव्हती. आमच्या लेखकांच्या खोलीत पाच जण महिनाभर डोकं आपटून असलं काही शोधतात आणि शेवटी सूनबाईंची स्मृती घालवतात.

तिरकस

स्मृती गेलेली सूनबाई जामीनदार होती, असा ट्रॅक घ्या ना ताई.

ठाणेकरीण

तिरकस, बोलू नका, उद्या कुणीतरी क्रिएटिव्ह हेड हा धागा वाचायचा.

सहकार_खाते

एक अडचण. वडील जामीनदार असतील तर ती वसुली महेशकडे देणार नाहीत. निदान देऊ नये. शहाणा व्यवस्थापक दुसऱ्या माणसाला पाठवेल.

पाटीपेन्सिल

साहेब, आमच्याकडे वसुलीला दोघंच आहोत आणि दुसऱ्याचा पाय सध्या प्लास्टरमध्ये आहे. शिवाय व्यवस्थापक म्हणेल की घरचाच आहेस, तूच वडिलांना समजाव. हे मी कल्पनेने लिहीत नाहीये, असं बोलणं ऐकलेलं आहे. कुठे ते विचारू नका.

रविवारी वाचन केलं. सांगलीला नाही जमलं, इथल्याच कॉलेजच्या मराठीच्या सरांनी वर्ग उघडून दिला. एकांकिकेतली तीन पोरं, एक मुलगी आणि सर स्वतः. मुलीने गुरुजी वाचले आणि सरांपेक्षा चांगले वाचले. भाषणाच्या जागी सगळे खाली बघायला लागले, ते मी काढलं. पुढची तारीख महिन्याच्या शेवटच्या रविवारची ठरली. त्यांनीच ठरवली, मी पानं नाहीत म्हणालो तर मुलगी म्हणाली, "मग लिहा की दादा."

प्रसंग १२ पुन्हा लिहिला. मध्यंतर, बघा जमतंय का:

*प्रसंग १२. गुरुजींच्या घरासमोरची वाट. दिवस.*
*(मोटरसायकलच्या टाकीवर तीन लिफाफे. महेश नावं बघतो. एक गुरुजींच्या नावाचा. एक अनोळखी नावाचा. तिसरा तो उलटा करून पिशवीत टाकतो.)*
*गुरुजी (ओसरीवरून): किती रे आहेत?*
*महेश: तुमची एकच, गुरुजी.*
*गुरुजी: तुझ्या वडिलांना दिलीस?*
*(महेश पेन पुढे करतो.)*
*महेश: इथे सही लागेल.*

मध्यंतर

जमलंय. यात मला कापायला काही नाही, आमची पोटं कशी चालायची.

'एक अनोळखी नावाचा' हे कॅमेऱ्यात दिसणार नाही. लिफाफ्यावर नाव दिसेल, ते अनोळखी आहे हे कसं दिसणार? त्या दुसऱ्या जामीनदाराचं काय करायचं ते ठरवा, नाहीतर प्रेक्षक शेवटपर्यंत त्याची वाट बघतील. आणि तिसऱ्या लिफाफ्यावरचं नाव आम्हाला दाखवू नका. गुरुजींनी विचारलं की पुरे.

ठाणेकरीण

मला आवडलं. पेन पुढे करणं विशेष. आता वडिलांची नोटीस. महेशने हातात दिली तर तो प्रसंग आपण सगळ्यांनी बघितलेला आहे, बाप नि मुलगा, कंदील, डोळ्यांत पाणी. नको. नियमाप्रमाणे ती कशी पोचते?

सहकार_खाते

हातोहात देऊन पोच घेतात, नाहीतर पोचपावतीसह पोस्टाने, पूर्वीच्या भाषेत रजिस्टर एडी.

पाटीपेन्सिल

बरोबर. हातात द्यायचं धाडस नसेल तर महेश पोस्टात टाकेल. तालुक्याच्या पोस्टातून, गावच्या नाही, गावचा पोस्टमन घरचाच. मग दोन-तीन दिवस तो घरीच राहतो आणि नोटीस कधी येते त्याची वाट बघतो. पोचपावती परत संस्थेत येते, त्याच्याच टेबलावर. तिच्यावर सही वडिलांची नसते, आईची असते. आईने नोटीस घेतली आणि घरात कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांनाही नाही, महेशलाही नाही.

हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं.

ठाणेकरीण

मग मध्यंतर त्या पोचपावतीवर घ्या. ट्रॅक्टरवर आहे ते काढा, ट्रॅक्टर पुढे ढकला. आता महेशला माहीत आहे की आईला माहीत आहे, आणि दोघंही रात्री एकाच ताटलीतली भाकरी मोडताहेत. त्या घरात कोण आधी बोलतं ते तुम्हाला लिहायचं आहे.

पहिली सत्तेचाळीस पानं आता उघडू नका, शेवटच्या रविवारपर्यंत तरी. आईचे प्रसंग तेवढे लिहा, भाषा तुमच्या गावची ठेवा, ठाण्याची नको. शुक्रवारी रात्रीपर्यंत व्यनि केलेत तर शनिवारी वाचेन. या शनिवारी आमच्याकडे बँक आहे.